दगडावर कोरलेलं गाव

मे महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी, नेपरव्हिलच्या पश्चिमेला असलेल्या एका चर्चच्या दफनभूमीत, माझ्या विहीणबाईंच्या कबरीवर ग्रॅनाइटचा दगड बसवण्यात आला. त्यावर आडनावाखाली जर्मनीतल्या एका गावाचं नाव कोरलेलं होतं. ते गाव चुकीचं होतं. ते मी सांगितलं होतं.

आडनाव इथे देत नाही. ते आता माझ्या मुलीचं आणि नातीचंही आहे. गावांची नावंही देत नाही.

मी पुण्यातल्या एका मराठी दैनिकात एकतीस वर्षं काम केलं, त्यातली शेवटची अकरा वृत्तसंपादक म्हणून. निवृत्तीनंतर मी आणि बायको वर्षातला बराच काळ नेपरव्हिलला मुलीकडे असतो. मुलगी आणि जावई दोघंही सॉफ्टवेअरमध्ये आहेत. जावई तिथलाच, जर्मन वंशाचा. त्याच्या घराण्याची ही इलिनॉयमधली पाचवी पिढी. व्याही तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. मुलीच्या घरापासून गाडीनं वीस मिनिटांवर ते एकटे राहतात.

विहीणबाई त्याआधीच्या नोव्हेंबरमध्ये गेल्या. घराण्याचा इतिहास शोधणं हा त्यांचा छंद होता. स्वतःच्या माहेरचं आडनाव त्यांनी दोन वर्षांत संपवलं होतं. नवऱ्याचं वीस वर्षांत संपलं नाही. ते आडनाव कुठल्या गावातून आलं आणि त्याचा अर्थ काय, एवढेच दोन प्रश्न होते. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये व्याह्यांनी त्यांना शब्द दिला, की गाव सापडेल आणि ते तुझ्या दगडावर असेल. हे मला डिसेंबरमध्ये कळलं. व्याह्यांनी विहीणबाईंच्या कागदांचं खोकं आणून आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा.

"तुम्ही पत्रकार आहात," ते म्हणाले. "हे तुमच्याच कामातलं आहे."

"मला जर्मन येत नाही."

"मलाही येत नाही. तिलाही येत नव्हतं."

"मुदत किती आहे?"

"जमीन गोठलेली असेपर्यंत दगड बसवत नाहीत. कोरणारा म्हणतो, मजकूर मार्चअखेर द्या."

बायको चहाचे कप ठेवत होती. ती मराठीत म्हणाली, "घ्या. डेडलाइन मिळाली. आता मार्चपर्यंत या घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही."

खोक्यात व्याह्यांच्या पणजोबांबद्दलचे कागद होते. अमेरिकेत पहिल्यांदा आला तो हा माणूस. जहाजाच्या प्रवासी यादीची प्रत होती. तिच्यात त्याचा देश प्रशिया, म्हणजे जर्मनी एक होण्याआधीचं तिथलं एक राज्य, असा लिहिला होता, गाव नव्हतं. जनगणनेच्या नोंदी होत्या. एकीत प्रशिया, दहा वर्षांनंतरच्या नोंदीत जर्मनी. गाव नव्हतं. इथल्या चर्चमधल्या त्याच्या लग्नाच्या नोंदीची प्रत होती. तिच्यात त्याचं पूर्ण नाव होतं: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. पुढे जन्मस्थानाच्या जागी वेस्टफालिया, म्हणजे जर्मनीच्या वायव्येकडचा एक अख्खा प्रांत. नागपूरच्या माणसाचं घर शोधायला निघावं आणि पत्त्यात फक्त विदर्भ लिहिलेलं असावं, तशी ती नोंद होती.

अर्थाबद्दल तीन झेरॉक्स होत्या, तीन वेगवेगळ्या पुस्तकांतल्या. एका पुस्तकाप्रमाणे आडनावाचा अर्थ ओलसर सखल जमीन, दुसऱ्याप्रमाणे तटावरचा पहारेकरी, तिसऱ्याप्रमाणे एका झाडाचं नाव. घरच्यांनी पहारेकरी निवडला होता. जावयाच्या लहानपणी मॉलमधल्या एका स्टॉलवरून त्यांनी घराण्याचं मानचिन्ह छापलेला कॉफीचा मग घेतला होता. त्यावर एक शिरस्त्राण आणि दोन सिंह होते. माझी सहा वर्षांची नात त्यातून दूध पिते.

जानेवारीपासून मी कामाला लागलो. चर्चच्या जुन्या नोंदवह्यांचे फोटो इंटरनेटवर आहेत, पण सगळे घरून दिसत नाहीत. काही वह्या ठरावीक ग्रंथालयांच्या इमारतीत बसूनच उघडतात. असं सर्वांत जवळचं ग्रंथालय चाळीस मिनिटांवर होतं आणि त्याची ती खोली मंगळवारी व गुरुवारी, दहा ते एक उघडी असे. पहिल्या मंगळवारी बर्फामुळे ग्रंथालय बंद होतं. दुसऱ्या मंगळवारी ते उघडं होतं, पण यंत्रणा बंद होती. तिसऱ्या खेपेला मला सांगण्यात आलं, की मला हवी ती वही तिच्या मालक-चर्चनं पाहण्यासाठी खुली केलेली नाही. ती यादीत का दिसते, असं मी विचारलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "यादीत सगळ्याच दिसतात."

जुनी जर्मन लिपी हा वेगळा प्रकार होता. तीन-चार अक्षरं एकसारख्या तिरक्या रेघांची असतात आणि ती लागोपाठ आली, की शब्दाऐवजी कुंपण दिसतं. मी तक्ता छापून घेतला. रोज दोन तास बसून फेब्रुवारीअखेर मला नावं आणि महिने वाचता यायला लागले. पुण्यात मोडी वाचणारे एक गृहस्थ आमच्या कार्यालयात येत. त्यांना आम्ही मजकुरासाठी घाई करायचो, ते आठवलं.

मार्चच्या सुरुवातीला माझ्याकडे तीन गावं होती. तिन्ही ठिकाणी हे आडनाव होतं. दुसऱ्या गावाच्या चर्चनोंदींच्या सूचीत मला एक जन्म सापडला. मुलाचं पहिलं नाव पणजोबांचंच. वर्ष एकानं कमी-जास्त, म्हणजे जुळणारं. आणि वडिलांचं नाव तेच, जे पणजोबांच्या लग्नाच्या नोंदीत मध्ये होतं.

आमच्या कार्यालयात नियम होता, की दोन स्वतंत्र स्रोत असल्याशिवाय नाव छापायचं नाही. मी दोन स्रोत मोजले. अमेरिकेतली लग्नाची नोंद आणि जर्मनीतली सूची. दोन्हींत वडिलांचं नाव एकच.

रविवारी जेवताना मी ते सगळ्यांना सांगितलं.

"बाबा, शुअर ना?" मुलीनं विचारलं.

"मुलाचं नाव जुळतं, वर्ष जुळतं, वडिलांचं नाव जुळतं."

"मग झालं की," जावई म्हणाला. तो लग्नानंतर मराठी शिकला आहे आणि 'मग झालं की' त्याला फार आवडतं.

व्याह्यांनी गावाचं नाव माझ्याकडून एका कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद पाकिटात ठेवला.

वडिलांचं नाव मी कुठे वाचलं, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी लग्नाच्या नोंदीवर, तीन नावांपैकी मधल्या नावावर बोट ठेवलं असतं. माझ्या स्वतःच्या नावात तिथे माझे वडील आहेत. मुलीच्या लग्नाआधीच्या पासपोर्टवर तिथे मी होतो. एकतीस वर्षांत मी बातम्यांतली अनेक नावं तपासून घेतली. मधलं नाव वडिलांचं आहे का, हे तपासायची वेळ कधी आली नव्हती. अमेरिकेत तसं नसतं, हे मला माहीत होतं. माझ्या नातीचं मधलं नाव माझ्या आईचं आहे, ते ठेवताना मी हजर होतो. पण ही अलीकडची अमेरिकन पद्धत, जुन्या काळातल्या शेतकऱ्यांकडे आपल्यासारखंच असणार, असं मी धरून चाललो. हे मी कुठेही वाचलेलं नव्हतं.

मजकूर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गेला. मे महिन्यात दगड बसला. वर आडनाव, खाली गाव, त्याखाली डावीकडे विहीणबाईंचं नाव आणि दोन्ही तारखा, उजवीकडे व्याह्यांचं नाव आणि एकच, जन्माची तारीख. बायकोनं ते पाहून माझा हात धरला. व्याहीच म्हणाले, की इथे असंच करतात. मग ते गावाच्या नावासमोर थोडा वेळ उभे राहिले.

"तिला हे आवडलं असतं," ते म्हणाले. आम्ही पाच जण आणि नात, सगळे तिथून एका डायनरमध्ये जेवायला गेलो.

ऑगस्टमध्ये व्याह्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. त्यांच्या पणजोबांच्या जन्मनोंदीची प्रत फ्रेम करून द्यावी, असं मी ठरवलं. सूचीत फक्त नावं आणि वर्षं होती. मूळ पान मी पाहिलेलं नव्हतं. त्या गावच्या चर्चला मी तीन ईमेल पाठवले. तिसऱ्याला उत्तर आलं, तेही चर्चकडून नाही, तर गावच्या इतिहास मंडळातल्या एका निवृत्त शिक्षिकेकडून. इंग्रजी साधं आणि स्पष्ट होतं. पान सोबत जोडलं होतं. नोंदीच्या समासात एक लहान क्रूस होता आणि पुढे तारीख. तो मुलगा चार वर्षांचा असताना त्याच गावात वारला होता. तो अमेरिकेला गेलेला असू शकत नाही, असं बाईंनी लिहिलं होतं. तुमच्या माणसाच्या वडिलांचं नाव तुम्हाला कुठून मिळालं, असंही विचारलं होतं.

मी लिहिलं, की ते त्याचं मधलं नाव आहे.

दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. आमच्याकडे मधलं नाव वडिलांचं नसतं. बहुतेक वेळा ते बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला हातात घेणाऱ्या धर्मपित्याचं असतं.

मी ते स्वयंपाकघरात उभा राहून वाचलं. बायको कोथिंबीर निवडत होती.

"काय झालं?"

"मुलगा चार वर्षांचा असताना गेला."

"अगं बाई! कोणाचा?"

"व्याह्यांचे पणजोबा म्हणून मी जो धरला होता, तो."

तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि चष्मा वर सरकवून दोन्ही ईमेल वाचले.

"तुमच्या डोक्यात आलं कसं नाही?" ती म्हणाली. "लग्नात तुमच्या घरानं माझं पहिलं नाव बदललं, मधलं बदललं, आडनाव बदललं. उद्या मला शोधायला घ्या. एक तरी नाव जुळतंय का बघा. आणि तुम्ही त्या परक्या माणसाच्या मधल्या नावाला बाप करून बसलात."

मी व्याह्यांना अकरा दिवस सांगितलं नाही. आधी बरोबर गाव शोधायचं आणि मग दोन्ही गोष्टी एकदम सांगायच्या, असं मी ठरवलं होतं. वर्तमानपत्रात दुरुस्ती दुसऱ्या दिवशी छापायची असते. कोणी वार्ताहर "साहेब, नवीन माहिती मिळाल्यावर एकदम देऊ" म्हणाला असता, तर मी ते चालू दिलं नसतं. त्या अकरा दिवसांत मी सहा ठिकाणी ईमेल केले. दोन परत आले, एकाला सुट्टीवर असल्याचं आपोआप उत्तर आलं, तिघांनी काहीच कळवलं नाही. एका संकेतस्थळानं माझा अर्ज चौथ्या पानावर गेल्यावर पुसून टाकला, कारण पिन कोडच्या रकान्यात त्याला पाचच आकडे हवे होते आणि मी सवयीनं पुण्याचे सहा टाकले होते.

बाराव्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "अहो, सांगून टाका. तो दगड काही रद्दीत जात नाही."

व्याही अंगणात गवत कापत होते. मला पाहून त्यांनी मशीन बंद केलं. मी उभ्यानंच सांगितलं.

"किती खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

"ते गाव चुकीचं आहे, याची पूर्ण खात्री आहे."

"मग बरोबर कोणतं?"

"माहीत नाही."

"मार्चमध्येही तुम्हाला पूर्ण खात्री होती."

"हो."

"तिनं विचारलं असतं, वडिलांचं नाव कुठे वाचलं म्हणून. मी विचारलं नाही. मला वाटलं, तुम्ही पत्रकार होतात."

ते इंग्रजीत बोलत होते आणि त्यांनी भूतकाळ वापरला. मग त्यांनी मशीन सुरू केलं. मी अंगणाच्या कडेला उभा राहिलो. त्यांनी उरलेल्या दोन पट्ट्या कापल्या, मशीन गॅरेजमध्ये नेलं आणि शटर आतून खाली केलं.

जुलैमध्ये शिक्षिकाबाईंनी मी न मागता माझी चौकशी तिसऱ्या गावातल्या आपल्या ओळखीच्या माणसाकडे पाठवली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा लांब ईमेल आला. तिसऱ्या गावच्या बाप्तिस्म्याच्या वहीत तिन्ही नावं एकत्र असलेला एक मुलगा होता. वर्ष तंतोतंत जुळत होतं. मधलं नाव धर्मपित्याचं होतं, हेही तिथेच लिहिलं होतं. वडिलांच्या नावापुढे मात्र दोन आडनावं होती. एक हे आणि एक दुसरंच, आम्ही कधीही न ऐकलेलं.

बाईंनी खुलासा केला होता. त्या भागात आडनाव माणसाचं नसे, शेताचं असे. शेत आणि त्यावरचं घर यांना एक नाव, आणि तिथे जो राहील त्याला ते नाव. मुलगा नसलेल्या घरात जावई आला, की तो आपलं आडनाव मागे ठेवून बायकोच्या शेताचं नाव घेई. या मुलाचा बाप असाच लग्न करून आला होता. त्याच्या आधी त्याचा सासराही. म्हणजे आडनावाचा माग काढत वडील, आजोबा, पणजोबा असं मागे जाता येणार नव्हतं. विहीणबाईंनी वीस वर्षं तेच केलं होतं आणि मीही तेच करत होतो. आडनावाबरोबर मागे गेलं, तर शेत मिळत होतं. रक्ताबरोबर गेलं, तर आडनाव सुटत होतं.

अर्थाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, की सर्वांत जुन्या वहीतही शेताचं नाव हेच आहे. बहुधा ओलसर सखल जमीन. 'बहुधा'खाली त्यांनी रेघ मारली होती. पहारेकऱ्याला आधार नाही. ते शेत एका मठाच्या मालकीचं होतं आणि त्यावरची माणसं मठाची बांधलेली कुळं होती. मालकाच्या परवानगीशिवाय त्यांना लग्नही करता येत नसे. मानचिन्हाचा प्रश्न येत नाही. शेतही आता उरलेलं नाही. शेजारच्या शेतात विलीन झालं.

"म्हणजे घरजावई!" बायको म्हणाली. "आणि आडनाव बायकोचं. बघा, जमतं पुरुषांना."

व्याह्यांच्या वाढदिवसाला आम्ही सगळे मुलीकडे जमलो. जेवण झाल्यावर मी तो ईमेल वाचून दाखवला. जावई मुलीला म्हणाला, "मग खरं तर मीच तुझं आडनाव घ्यायला हवं होतं."

"टू लेट यार," ती म्हणाली. "माझा पासपोर्टसुद्धा रिन्यू झाला."

नातीनं तिचा मग पुढे केला. "आजोबा, सो नो लायन्स?"

"नाही."

"नॉट ईव्हन वन?"

"एकही नाही."

तिनं मगाकडे पाहिलं आणि दूध संपवलं. व्याही हसले नाहीत. त्यांनी केकची प्लेट बाजूला सरकवली.

"गाव हेच का?" त्यांनी मला विचारलं.

"ही जन्माची नोंद आहे. हा मुलगा अमेरिकेला गेला, हे तिच्यात नाही. मागच्या वेळी मी तेच गृहीत धरलं होतं. देश सोडणाऱ्यांना तेव्हा परवानगी घ्यावी लागायची, त्या याद्या तिथल्या सरकारी दप्तरखान्यात आहेत. मी अर्ज केला आहे."

"उत्तर कधी येणार?"

"सहा ते आठ महिने, असं त्यांच्या पोचपावतीत आहे."

"तोपर्यंत तिच्या दगडावर ते दुसरं गाव."

"हो."

"मी आज ऐंशी वर्षांचा झालो."

मुलगी म्हणाली, "डॅड, बाबा प्रयत्न करताहेत." ती त्यांना डॅड म्हणते.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. कोरणाऱ्याचा फोन नंबर अजून तुझ्याकडे आहे का, असं त्यांनी जावयाला विचारलं. जावयानं माझ्याकडे पाहिलं आणि मग होय म्हणाला.

सप्टेंबरमध्ये मी दप्तरखान्याला दोनदा लिहिलं. पहिल्या वेळी मूळ पोचपावतीच पुन्हा आली. दुसऱ्या वेळी असं उत्तर आलं, की वारंवार चौकशी केल्यास अर्जाचा क्रम बदलत नाही.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी, पुण्याला परतण्याआधी, मी, बायको आणि मुलगी फुलं घेऊन दफनभूमीत गेलो. आडनावाखालचा भाग घासून अर्धा इंच खाली नेलेला होता. त्या चौकोनात तिसऱ्या गावाचं नाव कोरलेलं होतं.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

"दोन आठवडे झाले," मुलगी म्हणाली. "बाबा, तुला सांगितलं नव्हतं त्यांनी?"

"नाही."

"ते म्हणाले, तुझ्या बाबांना विचारलं तर ते थांबा म्हणतील."

"थांबाच म्हणालो असतो."

"हो ना."

बायकोनं फुलं ठेवली. मी अक्षरं ईमेलमधल्या नावाशी ताडून पाहिली. ती बरोबर होती.

आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला आलो. दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर अर्जाचा क्रमांक टाकला, की तो 'प्रलंबित' असल्याचं दिसतं. आज सकाळीही तेच दिसलं.